वनहक्क की वनाधिकार?

कुरखेड्याकडचा: ग्रामसभेचा फलक रंगवायचा आहे. मसुद्यात मी ‘सामूहिक वनहक्क क्षेत्र’ लिहिलं होतं. समितीतल्या एका शिकल्यासवरल्या पोरानं ते खोडून ‘वनाधिकार’ केलं. म्हणे हक्क परका शब्द, फलकावर शोभत नाही. बैठकीत एक म्हातारी उठली, “वनाधिकार म्हंजे वनाधिकाऱ्याचा का गा? मंग आपला कोनता?” पोरगं गप्प झालं, पण खोडलेलं खोडलेलंच आहे. काय ठेवावं?

मोडीवाचक: हक्क अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. जुन्या वतनी कागदांत ‘हकलाजिमा’, म्हणजे वतनदाराचं ठरलेलं येणं, पदोपदी भेटतो. इतकी शतकं घरात राहिलेल्याला परका म्हणायचं तर आपण कोण?

तलाठी नाही मी: सरकारचं तरी कुठे एकमत आहे? 2005 चा कायदा माहितीचा ‘अधिकार’, 2006 चा वन‘हक्क’, 2009 चा शिक्षणाचा ‘हक्क’. सातबाऱ्यावर ‘अधिकार अभिलेख पत्रक’, आणि बहिणीकडून सही घ्यायची ते ‘हक्कसोडपत्र’. संविधानाच्या मराठी प्रतीत तिसऱ्या भागाचं नाव ‘मूलभूत हक्क’ आहे, हिंदीत ‘मूल अधिकार’. त्या पोरानं पलीकडून, छत्तीसगडातून आलेली एखादी पुस्तिका वाचलेली दिसते.

पांदण: म्हातारीचं बरोबर आहे. अधिकार खुर्चीचा, हक्क माणसाचा. ‘हक्काचं माणूस’ म्हटलं की मामा आठवतो, ‘अधिकारी माणूस’ म्हटलं की तहसीलदार. अध्यात्मातही ‘अधिकारी पुरुष’ म्हणजे पात्रता आलीच. हक्काला कसली आली पात्रता? शिवाय हक्क आपण सोडू शकतो, अधिकार दुसरा काढून घेतो.

काळा कोट: शेवटचं वाक्य मागे घ्या भाऊ. मालमत्तेतला हिस्सा सोडता येतो, मूलभूत हक्क सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 1959 साली बशेशरनाथ खटल्यात हेच सांगितलं. मालमत्तेचा हक्क मात्र 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मूलभूतच्या यादीतून गेला. आता तो अनुच्छेद 300-क मध्ये आहे.

मोडीवाचक: ‘घटनादुरुस्ती’! अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. शुद्धीवाल्यांनी आधी हा सोडवून दाखवावा.

वर्धा काठ: त्यातली ‘घटना’ पण काढाच. आमच्या गावात घटना म्हटलं की लोक पंचनाम्याला कोन आलं ते विचारतात. ‘संविधान’च बरं.

मोडीवाचक: संविधान हिंदीच्या मागून आलं. मराठीत राज्यघटना, घटना समिती हेच रुळलेले होते.

वर्धा काठ: माझ्या आजीच्या तोंडी ‘बाबासायबाची घटना’ होतं, मायच्या तोंडी ‘संविधान’. दोघीही हिंदी शिकल्या नव्हत्या. आणि सरकारी मराठी प्रतीवर ‘भारताचे संविधान’ छापलं आहे, त्याचं काय?

पांदण: अहो, फलकाचं बोला.

झाडीपट्टी: फलकावर काहीही लिहा, गावात दोन्ही चालत नाहीत. गावात ‘पट्टा’ म्हणतात. “पट्टा भेटला का?” खरी पंचाईत इथंच आहे. वैयक्तिक दाव्यात चार कोपरे मोजलेला तुकडा नावावर येतो, तो पट्टा. सामूहिक हक्कात तुकडा कोणाच्याच नावावर नसतो. बांबू, तेंदू, मोहफूल आणि जंगल राखण्याची जबाबदारी सगळी ग्रामसभेची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हा सामूहिक हक्क मिळाला. आमच्याकडे अजून लोक विचारतात, “माहा कोनता तुकडा?” अर्धी भांडणं ह्या एका शब्दापायी आहेत. हक्क-अधिकाराचं तुम्ही शहरात बसून बघा.

काळा कोट: शहर कुठे, मी ब्रम्हपुरीत बसलोय.

मोडीवाचक: पट्टा म्हणजे ताम्रपटातला पट.

काळा कोट: पट वेगळा, पट्ट वेगळा. पट्टावरून पट्टकील, पट्टकीलावरून पाटील.

पांदण: झालं. आता पाटील निघाले.

तलाठी नाही मी: निघालेच तर देशमुखही निघू द्या. त्यातला ‘देश’ म्हणजे भारत नाही, परगणा. आमच्या अमरावतीकडच्या देशमुखांना हे सांगून बघा एकदा.