मदत हवी आहे: इंटरनेट आणि द्विभाषिक अध्यापनाबद्दल शिक्षकांची मते कशी विचारावीत?

नमस्कार मंडळी,

एम.एड.च्या प्रबंधासाठी शिक्षकांची प्रश्नावली तयार करतेय आणि अडकले आहे. विषय दोन: वर्गात इंटरनेटचा वापर आणि दोन भाषांतून शिकवणे. मला ते एकमेकांत गुंतलेले वाटतात, कारण नेटवरचे बरेचसे साहित्य इंग्रजीत असते. शिक्षक ते उघडतात तेव्हाच भाषेचा प्रश्न समोर येतो.

अडचण अशी की "इंटरनेट उपयुक्त आहे का?" असे विचारले की सगळेच "पूर्णपणे सहमत"वर खूण करतात. (कोण नाही म्हणणार!) तयारीसाठी नेट वापरणे आणि मुलांच्या हाती देणे या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ते प्रश्न वेगळे केलेत. पण भाषेचे काय? पुष्कळ शिक्षक मुलांना कळावे म्हणून सहज मातृभाषेत समजावतात, पण कागदावर ते कबूल करायला कचरतात.

द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. नवी भाषा शिकणाऱ्या मुलांना पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. हा फरक शिक्षकांना जाणवतो का, हे संज्ञा न वापरता कसे विचारू? वेल्समध्ये एका भाषेत वाचून दुसरीत लिहायला लावण्याची पद्धत रुजली. नेटवरचा इंग्रजी मजकूर वाचून मातृभाषेत उत्तर लिहिणे, असा प्रसंग देऊन मत विचारले तर चालेल का? की थेट मुलाखतीच घेऊ?

कुणी असे सर्वेक्षण केले असेल तर प्रश्नांचे नमुने पाठवाल का?