मेंटॅलिझम जुन्या पुस्तकांतून शिकायचंय, सुरुवात कुठून करू? (मदत हवी आहे)

मंडळी, मेंटॅलिझम म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखणं, आधीच लिहून ठेवलेलं भाकीत खरं निघणं, बंद पाकिटातली चिठ्ठी वाचणं हे सगळे प्रयोग मला मनापासून शिकायचेत आणि तेही पुस्तकांतून. व्हिडिओ मुद्दाम टाळतोय. व्हिडिओत एक ट्रिक मिळते पण ती तशीच का रचली ते कळत नाही, शिवाय बघता बघता त्या कलाकाराचं बोलणं, थांबणं, हातवारे सगळं आपल्या अंगात शिरतं. पुस्तक वाचून केलेल्या प्रयोगात बोलणं तरी आपलं असतं.

सध्या दोन पुस्तकं हाताशी आहेत, कोरिंडाचं 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम' आणि अ‍ॅनेमनचं 'प्रॅक्टिकल मेंटल इफेक्ट्स'. कुणालाही विचारलं की हीच दोन नावं पुढे येतात. कोरिंडाच्या तेरा पायऱ्या आधी सुट्या पुस्तिका म्हणून निघाल्या होत्या आणि नंतर एकत्र आल्या, त्यामुळे प्रत्येक पायरी स्वतंत्र वाटते. अ‍ॅनेमन १९४२ साली वयाच्या ३४ व्या वर्षी गेला आणि १९३४ ते १९४१ या काळात त्याने चालवलेल्या 'जिंक्स' या नियतकालिकातलं निवडक साहित्य घेऊन १९४४ मध्ये हे पुस्तक निघालं. एवढं सगळं वाचलंय, पण वाचणं आणि चार लोकांसमोर उभं राहून करणं यात जे अंतर आहे ते कसं कापायचं तिथे अडलोय.

पहिली अडचण क्रमाची. कोरिंडाची पहिलीच पायरी स्वामी गिमिकची, म्हणजे एका छोट्या साधनाची, आणि ते सफाईने वापरायला हाताला जबरदस्त सवय लागते. मग हेच पक्कं होईपर्यंत पुढे जायचं नाही का? का पुढच्या पायऱ्या चाळत जायच्या आणि जे जमेल ते उचलायचं? दोन्ही बाजूंनी सांगणारे लोक भेटलेत आणि दोघांचंही पटतं, म्हणूनच गोंधळ आहे.

दुसरी अडचण काळाची. या पुस्तकांतला प्रेक्षक कोट घालून येतो, त्याच्या खिशात पेन्सिल आणि व्हिजिटिंग कार्ड असतं, टेबलावर अ‍ॅशट्रे असतो, चिठ्ठी फाडून त्यात जाळली तर कुणाला काही वाटत नाही. अ‍ॅनेमनकडे पाटीवरच्या प्रयोगांचा वेगळा विभागच आहे. आज कुणाच्या हातात पाटी दिली तर तो आधी पाटीच उलटीपालटी करून बघणार. मग हे प्रयोग सोडून द्यायचे का त्यातलं काही वाचवता येतं?

तिसरी, लेखक गृहीत धरतो की वाचणाऱ्याला स्विच (गुपचूप अदलाबदल), पीक (चोरून बघणं), पामिंग (तळहातात लपवणं) हे सगळं येतंय. अर्ध्या पानात अप्रतिम प्रयोग सांगतो आणि मधेच एका ओळीत 'इथे चिठ्ठी बदला' म्हणून पुढे जातो. अहो ती एक ओळ म्हणजेच तर सगळं काम आहे!

आणि सगळ्यात जास्त मनाला लागलेला प्रश्न, लोकांना हे काय म्हणून सांगायचं? ट्रिक आहे म्हटलं तर लोक पकडायला बसतात, खरी शक्ती आहे म्हणणं मला पटत नाही आणि मी ते म्हणणार नाही. मधला रस्ता असतो का? ज्यांनी पुस्तकांवरूनच शिकलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. पद्धती उघड लिहू नका, नाव घेतलंत तरी पुस्तकात शोधून काढीन.

प्रतिसाद

प्रश्न आवडला, कारण बहुतेक लोक थेट 'सगळ्यात सोपी ट्रिक सांगा' म्हणून येतात.

माझं मत सांगतो. पायऱ्या हे नाव असलं तरी त्या जिन्यासारख्या एकावर एक रचलेल्या नाहीत. मी नवीन माणसाला तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करायला सांगेन, म्हणजे स्मरणतंत्रं. आकड्यांना व्यंजनं जोडायची, व्यंजनांतून शब्द करायचे आणि त्या शब्दांचं चित्र डोळ्यासमोर आणायचं. इंग्रजी पुस्तकातली व्यंजनं आपल्याला नको असतील तर आपली कटपयादि पद्धत आहेच, क ट प य हे चारही १, ख ठ फ र हे २, तीच घ्या. वीस वस्तूंची यादी लोकांनी कुठल्याही क्रमाने सांगायची आणि तुम्ही सुलटी, उलटी, मधूनच कुठूनही सांगायची. यात पकडण्यासारखं काहीच नाही, हातात काही लपवलेलं नाही, त्यामुळे लोकांसमोर उभं राहायची भीती मोडायला यापेक्षा चांगला प्रयोग नाही. आणि ही तयारी पुढे प्रश्नोत्तरांच्या प्रयोगात, पत्त्यांत, दोघांच्या टेलिपथीत सगळीकडे कामाला येते.

त्यानंतर दुसऱ्या पायरीतलं मसल रीडिंग. लोक हे वाचतात आणि सोडून देतात कारण त्यांना ते जमेल असं वाटतच नाही. एकोणिसाव्या शतकात वॉशिंग्टन आयर्व्हिंग बिशप आणि स्टुअर्ट कंबरलँड यांनी फक्त यावर नाव कमावलं. कुणीतरी खोलीत वस्तू लपवायची, त्याचं मनगट तुम्ही धरायचं, त्याने फक्त जागेचा विचार करायचा. माणूस विचार करतो त्या दिशेला त्याचे स्नायू नकळत ओढ घेतात, चुकीच्या दिशेला गेलात की बारीकसा अडसर जाणवतो. कार्पेंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये या नकळत होणाऱ्या हालचालींना आयडिओमोटर हे नाव दिलं. घरी सरावाला दोऱ्याला अंगठी बांधून लंबक करा, हात स्थिर ठेवा आणि फक्त 'गोल फिर' असं मनात म्हणा, स्वतःच्या हातावरच पटेल. मसल रीडिंग शिकलात की समोरच्या माणसाकडे लक्ष द्यायची सवय लागते आणि मेंटॅलिझममध्ये बाकी सगळं त्याच्या नंतर येतं.

मग चौथी आणि सहावी पायरी एकत्र वाचा, भाकितं आणि चिठ्ठ्या. 'वन अहेड' हे तत्त्व तिथे नीट समजून घ्या, कारण ते एकदा डोक्यात बसलं की अ‍ॅनेमनच्या पुस्तकातले कितीतरी प्रयोग आपोआप उलगडतात. स्वामी गिमिक नंतर कधीही घ्या, पण घेतलंत की मग रोज.

आणि तेरावी पायरी, बोलणं आणि सादरीकरण, ती शेवटी ठेवू नका, पहिल्या दिवसापासून उशाशी असू द्या.

अ‍ॅनेमन वाचायची माझी एक रीत आहे. प्रयोगाचा फक्त परिणाम सांगणारा भाग वाचतो आणि पुस्तक मिटतो. मग हे मी कसं केलं असतं याचा विचार करतो, सुचेल ते लिहितो, आणि त्यानंतरच पद्धत वाचतो. त्याची पद्धत बहुतेक वेळा माझ्यापेक्षा साधी निघते, आणि ती साधी का आहे हे शोधण्यातच खरं शिक्षण होतं.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला +१. मी काळाच्या अडचणीबद्दल लिहिते.

अ‍ॅशट्रे गेला म्हणून प्रयोग गेला असं नाही. जुन्या पुस्तकातली प्रत्येक वस्तू तिथे कशासाठी होती ते विचारा. चिठ्ठी जाळायची ती दिसायला छान म्हणून, आणि तिची विल्हेवाट लावायला एक कारण मिळावं म्हणून. ते कारण आज दुसरं शोधा, चिठ्ठी पाकिटात घाला, त्या माणसालाच मुठीत धरायला द्या, पुस्तकाच्या पानात ठेवा. पाटी काय करत होती? मोठा लिहिलेला मजकूर सगळ्यांना एकदम दाखवत होती. आज पुठ्ठा आणि मार्कर तेच करतात. टेलिफोन डिरेक्टरीच्या जागी हातातली कुठलीही जाडी कादंबरी चालते, आणि बुक टेस्टवर, म्हणजे पुस्तकातून निवडलेला शब्द ओळखण्याच्या प्रयोगावर, कोरिंडाने अख्खी सातवी पायरी दिलीये.

फक्त एका गोष्टीवर जास्त डोकं लावा, ते म्हणजे लिहून का घ्यायचं? त्या काळी लोक लिहीत असत, त्यांना विचित्र वाटत नसे. आज कुणी म्हणालं 'मनात धरा, पण या कागदावर लिहा' की समोरचा लगेच म्हणतो मनातलं ओळखणार आहेस तर लिहू कशाला. याचं उत्तर प्रयोगाच्या आत हवं. मी म्हणते, 'नंतर मन बदलता येऊ नये आणि बाकीच्यांनाही खरं काय ते कळावं म्हणून लिहा', आणि कागद त्यांच्याकडून शेजाऱ्याला दाखवायला लावते. एकदा ते कारण पटलं की कागदाकडे कुणी परत बघत नाही. माझ्या अनुभवात हात सुधारायला लागतो तेवढाच वेळ हे एक वाक्य सुधारायला लागतो, कधीकधी जास्तच.

'इथे चिठ्ठी बदला' या ओळीबद्दल, त्यासाठी सहावी पायरी आधी, बाकी सगळं नंतर. कोरे कागद घडी घालून खिशात ठेवा, टीव्ही बघताना, फोनवर बोलताना हातात खेळवा. आरशासमोर नको, मोबाईलचा कॅमेरा लावा. आरशात आपण आपल्यालाच बघत राहतो आणि नजर नेमकी चुकीच्या जागी जाते.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नावर मला बोलायचंय कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

मधला रस्ता आहे आणि तो जुना आहे. सिडनी आणि लेस्ली पिडिंग्टन हे जोडपं १९४९ पासून बीबीसी रेडिओवर टेलिपथीचे प्रयोग करत होतं, एकदा तर लेस्ली टॉवर ऑफ लंडनमध्ये आणि सिडनी स्टुडिओत. अख्खा देश वाद घालत होता, पण त्यांनी निर्णय ऐकणाऱ्यांवर सोडला. तुम्हीही सुरुवातीला सरळ सांगू शकता की निरीक्षण, मानसशास्त्र, स्मरणशक्ती आणि थोडी फसवणूक, या सगळ्याची मिसळ करून मी तुमची करमणूक करणार आहे. यातलं कुठे काय वापरलं ते सांगायचं नाही. लोक खूष असतात आणि तुम्ही खोटं बोललेला नसता.

पण एक सांभाळा. कितीही सांगितलं तरी प्रयोगानंतर कुणीतरी बाजूला घेऊन विचारणारच, माझ्या नोकरीचं काय, माझ्या आजारी आईचं काय. अकरावी पायरी प्रश्नोत्तरांची आहे, ती वाचताना हे लक्षात असू द्या. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला, ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला, आणि त्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. म्हणजे लोक विश्वास ठेवायला किती तयार असतात बघा. त्यामुळे तब्येत, पैसा, हरवलेली माणसं, गेलेली माणसं या विषयांवर एक शब्दही बोलायचा नाही, हसण्यावारीसुद्धा नाही. शांतपणे सांगायचं की हे मला येत नाही, मी फक्त प्रयोग करतो.

आणखी एक, नवीन लोक मानसशास्त्रीय फोर्सवर, म्हणजे समोरच्याने आपल्याला हवं तेच निवडावं अशा बोलण्यातल्या युक्तीवर, फार भिस्त ठेवतात. ५० च्या आतली संख्या मनात धरायला सांगायची आणि ३७ येईल अशी आशा करायची, हे सगळ्यांना माहीत असतं, अट अशी की दोन अंकी, दोन्ही अंक विषम आणि वेगवेगळे. मोजून बघा, उत्तरं मुळात आठच उरतात, १३, १५, १७, १९, ३१, ३५, ३७ आणि ३९, त्यात '१५ सारखी' असं उदाहरण दिलं की तेही गळतं. लागलं तर बाण, नाही लागला तर पुढचा प्रयोग तयार हवा. म्हणून असले प्रयोग मधे कुठेतरी सहज करा, शेवट नेहमी खात्रीच्या पद्धतीवर.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आता ठरवलंय, आधी स्मरणतंत्र आणि लंबक, सोबत सहावी पायरी, आणि तेरावी रोज थोडी. पहिल्यांदा लोकांसमोर फक्त दोनच गोष्टी करीन, वस्तूंची यादी आणि शेवटी एका चिठ्ठीवरचं नाव ओळखणं. पुस्तक मिटून विचार करायची रीत तर आजच सुरू केली आणि 'आधी कारण शोधा' या सल्ल्यामुळे अ‍ॅनेमनची पानं एकदम वेगळी दिसायला लागलीत.

अजून एक बारीक शंका. घरच्यांवर सराव करायचा का? त्यांना माझा चेहरा पाठ आहे, आणि एकच प्रयोग त्यांना परत दाखवता येत नाही. शिवाय लिहायला पेन कुठलं द्यायचं? माझ्याकडे साधं बॉलपेन आहे.

प्रतिसाद

घरच्यांवर फक्त तुकड्यांचा सराव करा, अख्ख्या प्रयोगाचा नको. म्हणजे गप्पा मारता मारता हातातली घडी बदलायची, कुणी बघितलं का तेवढंच तपासायचं, प्रयोग चाललाय हे त्यांना कळूच द्यायचं नाही. अख्खा प्रयोग अनोळखी किंवा अर्धवट ओळखीच्या माणसांसाठी ठेवा.

बॉलपेन नको. जाड, मऊ शिशाची पेन्सिल किंवा बारीक मार्कर द्या, क्षणभर नजर पडली तरी अक्षर कळलं पाहिजे. आणि 'ठळक अक्षरात लिहा, मागच्या रांगेलाही दाखवायचंय' असं आधीच म्हणा, म्हणजे गिचमिड येत नाही. कागद थोडा जाड घ्या, पातळ कागदाची घडी स्वतःहून उघडते आणि नेमकी नको तेव्हा.