जुनी विंडोज टाकताना डिस्क दिसत नाही: बायोसचा मोड बदलायचा की ड्रायव्हर द्यायचा?

सुतारपक्षी

लॅपटॉपवर एक्सपी किंवा विंडोज ७ टाकायला बसलं आणि सेटअपने 'हार्ड डिस्क सापडली नाही' म्हणून हात वर केले, की पहिला सल्ला ठरलेला: बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालून यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम) जा, साटाचा, म्हणजे डिस्क जोडण्याच्या वाटेचा, मोड एएचसीआय या नव्या पद्धतीवरून आयडीई या जुन्या पद्धतीवर कर, झालं काम. हा सल्ला देणं आपण बंद केलं पाहिजे असं माझं मत आहे, म्हणून हा धागा.

आधी घडतं काय ते पाहू. सेटअपच्या सुरुवातीच्या फाइली बायोस वाचून देतो. तोवर विंडोजला डिस्कशी थेट बोलावं लागत नाही. मग विंडोजचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, ताबा घेतो आणि त्या क्षणापासून बायोसचा आधार सुटतो. आता कर्नलकडे डिस्कच्या कंट्रोलरचा, म्हणजे डिस्क हाताळणाऱ्या चिपचा, स्वतःचा ड्रायव्हर हवा. एक्सपी आली २००१ साली, एएचसीआयचं पहिलं मानक २००४ चं. पुढे २००८ चा सर्व्हिस पॅक ३ आला, त्यातही एएचसीआयचा सर्वसाधारण ड्रायव्हर घातला नाही. तो पहिल्यांदा व्हिस्टात मिळाला. म्हणून एक्सपीला एक तर डिस्क दिसतच नाही, नाहीतर निळ्या पडद्यावर ७बी हा आकडा येतो, 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. विंडोज ७ ची गत तीच, फक्त एक पिढी पुढे: ती २००९ ची, एनव्हीएमई हे नव्या वेगवान एसएसडींचं मानक २०११ चं.

म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, विंडोजची प्रतही ठीक आहे, मधला दुभाषा तेवढा नाही. दुभाषा नाही म्हणून समोरच्याला त्याची भाषाच सोडायला लावायची, हे मला पटत नाही. दुभाषा आणून द्या. एक्सपीसाठी एनलाइट या प्रोग्रॅमने ड्रायव्हर सेटअपच्या सीडीतच मिसळा. विंडोज ७ साठी डिस्म या विंडोजच्या आज्ञेने बूट-विम (सेटअप चालवणारी फाइल) आणि इन्स्टॉल-विम (डिस्कवर उतरणाऱ्या विंडोजची फाइल) दोन्हींत घाला. एक संध्याकाळ जाते, पण आपण नक्की काय केलं हे कळतं.

आयडीईत टाकण्याचे तोटे: एनसीक्यू जातं, एसएसडी असेल तर ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) जातं, आणि त्याच डिस्कवर दुसरी विंडोज एएचसीआयवर टाकलेली असेल तर ती उठायची बंद होते.

काडेपेटी

मी आयडीईवाला आहे आणि राहणार. गेली कित्येक वर्षं लोकांची जुनी यंत्रं चालू करून देतोय, म्हणून बोलतो.

तुमच्या तोट्यांच्या यादीत एक चूक आहे. आयडीई मोडमुळे ट्रिम जात नाही. विंडोज ७ आयडीई मोडमध्येही ट्रिमची आज्ञा पाठवते. एक्सपी पाठवत नाही, पण ती एएचसीआयवरही पाठवत नाही, कारण तिला ट्रिम ठाऊकच नाही. मोडचा इथे संबंध नाही.

एनसीक्यूचंही तसंच. एकाच वेळी अनेक मागण्या आल्या तर त्या सोयीच्या क्रमाने उरकण्याची ती युक्ती आहे. जो माणूस २०२० नंतरही एक्सपी टाकतोय तो एखादाच जुना प्रोग्रॅम चालवायला टाकतोय. त्याच्या डिस्कपुढे कसली रांग लागणार?

आता 'एक संध्याकाळ' बघू. एक्सपीच्या सेटअपमध्ये एफ६ दाबून ड्रायव्हर देता येतो, पण तो सेटअप फ्लॉपीच मागतो. यूएसबीची फ्लॉपी लावली तरी ठरावीक मॉडेलच ओळखतो. म्हणून एनलाइट. तिथे टेक्स्टमोड (सेटअपच्या सुरुवातीलाच लागणारा ड्रायव्हर) आणि पीएनपी (नंतर लागणारा) असे दोन पर्याय येतात. नवखा माणूस पीएनपी निवडतो आणि परत ७बी बघतो. कंपनीच्या साइटवर गेला तर ड्रायव्हरच्या नव्या आवृत्त्यांतून एक्सपी वगळलेली. जुनी आवृत्ती कुठून तरी अनोळखी ठिकाणाहून उतरवतो आणि ती थेट कर्नलच्या शेजारी नेऊन बसवतो. याला तुम्ही सुरक्षित म्हणता? बायोसमधला मोड अर्ध्या मिनिटात बदलतो, नाही जमलं तर अर्ध्या मिनिटात परत येतो.

सुतारपक्षी

ट्रिमबद्दल माझं चुकलं, दुरुस्ती मान्य. एसएसडीवर एक्सपी टाकणाऱ्याने ट्रिमपेक्षा पार्टिशन कुठून सुरू होतं ते बघावं. एक्सपी ते ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते, विंडोज ७ २०४८ पासून. ६३ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे ४०९६ बाइटच्या मांडणीत प्रत्येक लिखाण दोन घरांत पाय टाकतं. पार्टिशन आधी विंडोज ७ च्या डिस्कपार्टने करून ठेवायचं आणि एक्सपीच्या सेटअपमध्ये ते न पुसता तसंच वापरायचं, एवढ्याने भागतं.

पण 'अर्ध्या मिनिटात परत येतो' हे मी मान्य करणार नाही. रिकाम्या डिस्कवर येतो. भरलेल्या डिस्कवर दर वेळी येईलच असं नाही.

पिंपळपान

सुतारपक्षी शेवटी जे म्हणाले ते माझ्या घरात घडलंय.

धाकट्या भावाला त्याच्या मापनयंत्राचा जुना प्रोग्रॅम चालवायचा होता, त्यासाठी विंडोज ७ हवी होती. लॅपटॉप विंडोज १० चा. मी ताई, मला 'कळतं' म्हणून माझ्याकडे आला. डिस्कवर दुसऱ्या पार्टिशनला जागा होती. मी वाचलेल्या सल्ल्याप्रमाणे सिक्युअर बूट (फक्त सही असलेली विंडोज उठू देणारी सोय) बंद केलं, लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट, चालू केलं, साटाचा मोड बदलला. विंडोज १० उठताना निळा पडदा आला आणि डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. बिटलॉकर चालू आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. यंत्र आलं तेव्हापासून ते आपोआप चालू होतं.

तेव्हा मी सगळं जसंच्या तसं परत केलं असतं तर बहुधा दार उघडलं असतं. मी घाबरले. बायोसमध्ये जे दिसेल ते 'डिफॉल्ट' करत गेले आणि त्यात टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी चिप) क्लिअर करायचा प्रश्न आला, त्यालाही हो म्हटलं. किल्ली त्या चिपमध्ये होती. रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली नव्हती, कुठल्या खात्यातही सापडली नाही. भावाची सहा वर्षांची मोजणी गेली, त्याच्या मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो गेले. तो मला एका शब्दाने बोलला नाही.

काडेपेटी, तुमचा सल्ला रिकाम्या यंत्राला बरोबर असेलही. पण ज्याला तो देता त्याची डिस्क रिकामी आहे का, हे तुम्ही विचारता का? मला कुणी विचारलं नव्हतं.

काडेपेटी

पिंपळपान, वाचून फार वाईट वाटलं. मी समोर बसलेल्या माणसाला विचारतो. लिहून सल्ला देताना विचारलं नाही, असं माझ्याकडून नक्की झालंय. यापुढे पहिलं वाक्य तेच असेल: बिटलॉकर चालू आहे का, रिकव्हरी की हातात आहे का, आणि डिस्कची प्रत बाहेर काढून ठेवली आहे का.

त्यात अजून एक भर घालतो. इंटेलच्या काही लॅपटॉपांत मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' असतो आणि ऑप्टेन मेमरी डिस्कला वेगवान कॅश म्हणून जोडलेली असते. तिथे मोडला हात लावण्याआधी विंडोजमधून ऑप्टेन बंद करायचं, नाहीतर अर्धा मजकूर कॅशमध्ये अडकतो.

तरी मूळ मुद्द्यावर मी तिथेच आहे. तुमचं नुकसान टीपीएम पुसल्याने झालं. ड्रायव्हर मिसळलेला पेनड्राइव्ह असता तरी विंडोज ७ साठी सिक्युअर बूट बंद करावंच लागलं असतं, आणि की तेव्हाही मागितली गेली असती.

आडवाट

दोघांचंही ऐकलं. माझं म्हणणं, दोन्ही नको. जुनी विंडोज आभासी यंत्रात, म्हणजे चालू विंडोजच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, टाका. त्यासाठीचा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्रॅम एक्सपीपुढे जुना पीआयआयएक्स ४ आयडीई कंट्रोलर उभा करतो, तो तिला जन्मापासून ओळखीचा आहे. ना एफ६, ना एनलाइट, ना बायोस. खालच्या विंडोजला धक्का नाही, बिटलॉकरला पत्ता नाही. शिवाय एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. अशी विंडोज थेट लॅपटॉपवर टाकून कुणी तरी ती इंटरनेटला जोडणारच. आभासी यंत्राचं नेटवर्क एका टिचकीत बंद ठेवता येतं.

पिंपळपानच्या भावाला हाच उपाय पुरला असता असं मला वाटतं.

पिंपळपान

नसता पुरला. त्याचं यंत्र एक्सप्रेसकार्डाच्या खाचेतल्या कार्डावर चालतं. ते कार्ड आभासी यंत्रापर्यंत नेण्याची सोय आम्हाला सापडली नाही. फक्त प्रोग्रॅम असता तर मीही तेच केलं असतं.

सुतारपक्षी

आडवाट, ज्यांचं काम निव्वळ प्रोग्रॅमचं आहे त्यांना मीही हेच सांगेन. पण खरं यंत्र जोडायचं असलं की लोखंडावरच उतरावं लागतं, आणि तिथेच हा वाद आहे.

काडेपेटी, तुमच्या उपायाला वय झालंय, हा माझा मुख्य आक्षेप. २००८-०९ च्या लॅपटॉपात आयडीईचा पर्याय सहसा असायचा, नावं वेगळी असतील, 'कंपॅटिबल' म्हणा नाहीतर 'लेगसी'. नंतरच्या अनेक लॅपटॉपांत तो नाहीच. एनव्हीएमई डिस्कला तर आयडीई हा मोडच नसतो, ती साटाच्या वाटेने येतच नाही. ज्याला फक्त मोड बदलणं शिकवलंय तो तिथे अडकला की संपला.

विंडोज ७ च्या सेटअपमधला एक प्रकार तर इतका फसवा आहे की तो सविस्तर सांगतो. 'सीडी/डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही' असा निरोप येतो. माणूस म्हणतो, माझ्याकडे सीडीच नाही, मी पेनड्राइव्हवरून टाकतोय. मग तो साटाचे ड्रायव्हर शोधत रात्र घालवतो. अडचण असते यूएसबी ३ ची. पेनड्राइव्ह सुरुवातीला बायोसने वाचून दिला, पण सेटअप स्वतःच्या पायावर उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, म्हणून ज्या पेनड्राइव्हवरून तो आला तोच त्याला दिसेनासा झाला. यूएसबी २ चं पोर्ट असेल तर त्यात लावून बघावं. २०१५ च्या स्कायलेक पिढीच्या चिपसेटपासून मात्र इंटेलने ईएचसीआय हा यूएसबी २ चा जुना कंट्रोलरच काढून टाकला, त्यामुळे तिथे दिसायला यूएसबी २ असलेलं पोर्टही नव्या कंट्रोलरच्याच हाती असतं. कधी कधी त्या क्षणी यूएसबीचा माऊसही मरतो. ते झालं की डिस्कचा विचार सोडा, आधी यूएसबी बघा.

आणि शिफ्ट एफ१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' लिहा. डिस्क तिथे दिसली तर साटाचा ड्रायव्हर ठीक आहे आणि तुम्ही भलत्याच गोष्टीमागे लागला आहात. या एका ओळीने माझे स्वतःचे कितीतरी तास वाचलेत.

एनव्हीएमईसाठी मायक्रोसॉफ्टच्या दोन दुरुस्त्या आहेत, केबी२९९०९४१ आणि केबी३०८७८७३. त्या बूट-विममधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिमेत घालायच्या, कारण सेटअप तिथून चालतो, आणि इन्स्टॉल-विममध्येही. इन्स्टॉल-विम विसरलात तर सेटअपला डिस्क दिसते, फाइली उतरतात, आणि पहिल्याच रीस्टार्टला ७बी.

शंखशिंपला

मी मूकवाचक, पण सध्या नेमकी याच जागी अडकलेय म्हणून लिहिते. एक्सपी, जुना लॅपटॉप, डिस्क रिकामी. बायोसमध्ये मोडचा पर्याय नाही. एनलाइटने टेक्स्टमोडच निवडला. इंटेलचा ड्रायव्हर घातला. तरी ७बी. उतरवलेली एक्सई फाइल आधी तशीच घालत होते, मग कळलं की ती उलगडून आतल्या आयएनएफ आणि एसवायएस या ड्रायव्हरच्या फाइली काढाव्या लागतात. तेही केलं. यादीत इंटेलच्या चिपसेटांची बरीच नावं होती, त्यातलं मोबाइल म्हणजे लॅपटॉप असं समजून आयसीएच८एम निवडलं.

काडेपेटी

नावावरून निवडू नका, आकड्यावरून निवडा. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावा, टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -एनएन' चालवा आणि साटा कंट्रोलरच्या ओळीतला चौकटी कंसातला आकडा बघा. ८०८६ म्हणजे इंटेल, त्यापुढचे चार महत्त्वाचे. आयसीएच८एम असेल तर एएचसीआयमध्ये २८२९ येईल. दुसरं काही आलं तर ड्रायव्हर चुकीचा घातलाय.

आणि यादीतली सगळी नावं एकदम निवडायच्या फंदात पडू नका, आकडा जुळेल तेवढंच घ्या.

शंखशिंपला

२९२९.

सुतारपक्षी

तो आयसीएच९एम. त्याच पॅकेजमध्ये असणार, आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून डीईव्ही_२९२९ शोधा. सापडलं तर एनलाइटमध्ये तेच नाव निवडा. सीडी पुन्हा करताना मूळ, हात न लावलेल्या प्रतीपासून सुरुवात करा, आधीच मिसळलेल्या प्रतीत परत मिसळू नका.

शंखशिंपला

पार्टिशनची यादी आली! आत्ता फॉरमॅट चालू आहे. ६३ सेक्टरची गोष्ट लागू नाही ना? डिस्क जुनी फिरणारी, २००८ ची.

सुतारपक्षी

नाही. त्या काळची डिस्क ५१२ बाइटच्या सेक्टरची असते, चालू द्या.

काडेपेटी

अभिनंदन. तुमच्या बायोसमध्ये पर्यायच नव्हता, त्यामुळे इथे ड्रायव्हरच लागणार होता. पण पर्याय असता आणि डिस्क अशीच रिकामी असती, तर मी अजूनही आयडीईच सांगितलं असतं, आणि तुम्ही परवाच कामाला लागला असता.

शंखशिंपला

लागले असते बहुतेक. पण २९२९ म्हणजे काय ते मला कळलं नसतं. फॉरमॅट ४० टक्के झालाय.