मदत हवी आहे : वासरांची हगवण थांबत नाही, कोणते प्रोबायोटिक द्यावे?

फलटणचा_गोठा : माझ्याकडे संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत. या हंगामात जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक वासराला हगवण लागली आहे. औषध दिले की ती थांबते आणि बंद केले की उलटते. आतड्यातील उपयुक्त जिवाणू नीट वाढले नाहीत तर असे होते, असे समजले. बाजारातील कोणती प्रोबायोटिक पुडी द्यावी, एवढेच सांगावे. एक कालवड आज फार मलूल आहे, तेव्हा कृपया लवकर उत्तर द्या.

पशुवैद्यक_सांगली : कालवडीचे वय किती, चीक कधी व किती पाजला, सध्या कोणते दूध देता आणि औषध कोणते, हे कळल्याशिवाय पुडीचे नाव सांगणे योग्य होणार नाही. पहिल्या चार-पाच दिवसांतील हगवण बहुधा ई. कोलाय या जिवाणूची असते, त्यानंतर रोटाव्हायरस हा विषाणू व क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी आढळतात, आणि या दोघांवर प्रतिजैविके चालत नाहीत.

माणदेशी : एवढ्या चौकशीची गरज नाही. आमच्या घरी तीन पिढ्या वासरांना ताजे ताक पाजतात. त्यातील जिवाणू जिवंत असतात आणि त्याला पैसेही पडत नाहीत.

नगर_दूधउत्पादक : मलूल वासराला बळेच ताक पाजले तर ते फुप्फुसात जाऊन वासरू दगावते. त्यापेक्षा निरोगी गाईच्या तोंडातील रवंथ काढून वासराला चाटवावा. मोठ्या जनावराचे सगळे जिवाणू एकदम मिळतात.

पशुवैद्यक_सांगली : बळेच पाजू नये, हे अगदी खरे. परंतु या वयात कोठीपोट, म्हणजे चारा आंबवणारे पहिले मोठे पोट, कामच करत नाही. वासरू चोखू लागले की अन्ननलिकेची खाच मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. कोठीपोटातील जिवाणू देऊन आतड्याची हगवण कशी थांबेल? शिवाय रवंथाबरोबर मोठ्या जनावरांचे रोगजंतूही येऊ शकतात.

दुग्धमित्र : कोठीपोटाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी आणि मूठभर काफ स्टार्टर (वासरांचे धान्ययुक्त खाद्य) समोर ठेवावे. धान्य आंबून ब्युटिरिक आम्ल तयार होते आणि कोठीपोटाच्या आतील बोटांसारखे उंचवटे त्यानेच वाढतात. नुसत्या वैरणीने पोट मोठे दिसते, पण हे काम तितके होत नाही.

फलटणचा_गोठा : मी स्टार्टरविषयी विचारलेले नाही. कालवड बारा दिवसांची आहे. चीक नेहमीप्रमाणे वार (जार) पडल्यावर पाजला. गाय सकाळी व्यायली आणि वार रात्री पडली. दूध घरचेच आहे. एका गाईला कासदाहासाठी इंजेक्शने चालू असल्याने तिचे दूध डेअरीला घालता येत नाही, ते उकळून वासरांना देतो. आता तरी पुडीचे नाव सांगा.

पशुवैद्यक_सांगली : पुडीआधी या दोन गोष्टी बदलाव्या लागतील. चिकातील प्रतिपिंडे आतड्यातून रक्तात शिरण्याची क्षमता जन्मानंतर तासागणिक घटते आणि साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून तीस किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांतच सुमारे तीन लिटर चीक मिळायला हवा. वारेची वाट पाहण्याचे कारणच नाही. चिकातील विशिष्ट शर्करांवर बायफिडोबॅक्टेरियासारखे उपयुक्त जिवाणूही वाढतात.

दुधाची गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. उकळल्याने बहुतेक प्रतिजैविके नष्ट होत नाहीत. त्यांचा अंश रोज पोटात गेला की नाजूक उपयुक्त जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे राहतात. अशा पोटात महागातली पुडी टाकली तरी तिच्यातील जिवाणूंचीही तीच गत होईल.

माणदेशी : हे मला पटले, मात्र धडधाकट वासराला ताक देण्याचे मी सोडणार नाही.

फलटणचा_गोठा : मग आज दूध बंद ठेवू का? कालवड चोखते, पण डोळे खोल गेले आहेत.

पशुवैद्यक_सांगली : दूध बंद करू नका, निरोगी गाईचे दूध थोडे थोडे, अधिक वेळा द्या. दोन दुधांच्या मधल्या वेळेत इलेक्ट्रोलाइटचे (क्षारांचे) द्रावण द्या, ते दुधात मिसळू नका. डोळे खोल गेले म्हणजे अंगातील पाणी बरेच कमी झाले आहे. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट होत नसेल किंवा चोखणे मंदावले असेल, तर सलाईन शिरेतूनच द्यावे लागेल. उद्याची वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांना आत्ताच बोलवा.

फलटणचा_गोठा : डॉक्टर निघाले आहेत. त्या गाईचे दूध आजपासून वासरांना देणार नाही, पण ते टाकायचे कुठे?

नगर_दूधउत्पादक : विहीर आणि गोठा यांपासून दूर खड्डा घेऊन त्यात ओता आणि माती लोटा. आम्ही तसेच करतो.