सोसायटी ग्रुप : पोलिसांचं उन्हाळी शिबिर, मुलांना पाठवायचं का?

सेक्रेटरी : नमस्कार मंडळी. पोलीस स्टेशनकडून आलेलं पत्रक वर टाकलंय, सगळ्यांनी वाचा. उन्हाळी पोलीस प्रशिक्षण आणि नेतृत्व शिबिर आहे, आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी. राहायचं नाहीये, रोज सकाळी लवकर परेड ग्राउंडला जायचं आणि ऊन चढायच्या आत घरी. पालकांची सही लागेल. रविवारपर्यंत नावं द्या

सी-३०१ : आमच्या चिरंजीवांचं नाव सगळ्यात वर लिहा. दिवसभर मोबाईल, काही बोललं की उलट उत्तर, आईचं तर ऐकतच नाही. जरा पोलिसांचा धाक बसला पाहिजे. तिथल्या साहेबांना सांगून ठेवा की याला दोन राउंड जास्त पळवा आणि जमलं तर लॉकअप पण दाखवा आतून

ए-१०२ : मुलींसाठी महिला पोलीस असतील ना? आणि बंदूक वगैरे मुलांच्या हातात देतात का? माझी मुलगी नववीत आहे, फारच अबोल, ती तिथे ओरडून कमांड वगैरे देऊच शकणार नाही, म्हणून विचारतेय की अशा मुलीला पाठवून उपयोग काय

सेक्रेटरी : डी-१०१ काकांना विचारूया, ते पोलीस खात्यातूनच सहाय्यक फौजदार म्हणून रिटायर झालेत

डी-१०१ : नमस्कार. अशी शिबिरं मी नोकरीत असताना घेतलीत. हत्यारं फक्त प्रदर्शनात, टेबलावर मांडलेली, रिकामी, बाजूला शस्त्रागाराचा माणूस उभा. २ जानेवारीच्या वर्धापन दिनाच्या आठवड्यात शाळेची मुलं पोलीस स्टेशनला येतात तेव्हाही असंच असतं. मुलाच्या हातात काही देत नाहीत. महिला अंमलदार असायलाच पाहिजेत, पालक म्हणून तुम्ही आधी विचारून घ्या, अजिबात संकोच करू नका ताई

डी-१०१ : आणि ओरडण्याचं म्हणाल तर आम्ही तुकडीचा नायक रोज बदलायचो. आज हा उद्या ती. तुकडी पळायची तेव्हा घड्याळ बंद व्हायचं ते सगळ्यात मागचं मूल पोचल्यावर. पहिल्या दिवशी दोनचार जोरदार मुलं पुढे सुटायची आणि मग रेषेवर उभी राहून वाट बघायची. पुढेपुढे तीच मागे राहून दम लागलेल्याला बरोबर घ्यायची, कोणी सांगितलं नाही तरी. तुमच्या मुलीसारख्या शांत मुली नायक झाल्या की आधी सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्यात का ते बघायच्या. तुकडी त्यांचं ऐकायची बरं का

बी-२०४ : काका फार छान सांगितलंत. आता मला थोडं सविस्तर लिहायचंय, सी-३०१ दादा राग मानू नका पण तुमच्या मेसेजवर बोलल्याशिवाय राहवत नाही. मी शाळेत शिकवते, आठवी नववीच मुख्यतः, त्यामुळे ही मुलं रोज समोर असतात. मुलाला धाक बसावा म्हणून, लॉकअप दाखवून घाबरवावं म्हणून या शिबिराला पाठवू नका अशी माझी अगदी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, न्यू जर्सीतल्या रॉवे तुरुंगात वांड मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून त्यांच्यावर आरडाओरडा करवायचे, म्हणजे मुलं घाबरतील आणि सुधारतील. नंतर संशोधकांनी अशा कार्यक्रमात गेलेली मुलं आणि न गेलेली तशीच मुलं यांची तुलना केली तर गेलेल्यांनी पुढे जास्त गुन्हे केले, कमी नाही. म्हणजे काहीच न करणं परवडलं असतं

बी-२०४ : आणि आपल्याकडे आधीच लहानपणापासून “जेव नाहीतर पोलीस येईल” हेच चालतं. मूल तीन वर्षांचं असल्यापासून आपण त्याला शिकवतो की पोलीस म्हणजे पकडून नेणारा माणूस. मग तेच मूल चौदा वर्षांचं होतं, त्याला कोणीतरी ऑनलाइन ब्लॅकमेल करतं, फोटो पसरवीन म्हणून धमकावतं, आणि ते ना घरी सांगतं ना पोलिसांकडे जातं. वर्गात अशी मुलं मी पाहिलीत, कितीतरी दिवस एकटी सोसत असतात. या शिबिरातून आपल्या मुलांनी काही आणायचं असेल तर एवढंच आणावं, की पोलीस स्टेशनची पायरी न घाबरता चढता आली पाहिजे आणि तिथे आपलं म्हणणं नीट सांगता आलं पाहिजे. परेड, सॅल्यूट, शिस्त हे सगळं त्याच्या नंतर

सी-३०१ : मॅडम राग कशाला. पण घरात बसून नुसतं समजावून काही होत नाही हो, रोजचा अनुभव आहे. शिस्त तर पाहिजेच ना

बी-२०४ : पाहिजेच दादा, शंभर टक्के. वेळेवर उठणं, बूट स्वच्छ, रांगेत उभं राहणं, आपल्यामुळे दुसऱ्याला थांबायला लागू नये हे सगळं तो तिथे शिकेल आणि बरोबरीच्या मुलांमध्ये असल्यामुळे घरच्यापेक्षा पटकन शिकेल. फक्त शिक्षा म्हणून पाठवलंय असं त्याला वाटलं तर पहिल्या दिवसापासून मन मिटून बसेल. आणि साहेबांना “याला जास्त पळवा” असं खरंच नका सांगू, बाकीच्या मुलांना ते लगेच कळतं

ए-४०३ (वकील ताई) : बी-२०४ शी पूर्ण सहमत. लॉकअपबद्दल कायद्याचं सांगते कारण ते मुलांनाही शिबिरात सांगायला हवं. १८ वर्षांखालच्या मुलाला पोलीस लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, बाल न्याय कायदा २०१५ कलम १०. प्रत्येक पोलीस स्टेशनला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, तो सहाय्यक फौजदार किंवा त्याच्या वरच्या दर्जाचा. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, तक्रार असेल तर मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि जबाब घेणारा अधिकारी गणवेशात नसावा. मुलाला रात्री पोलीस स्टेशनला थांबवून ठेवता येत नाही. हे किती पालकांना माहीत आहे?

ए-१०२ : मला नव्हतं माहीत ताई. खरंच नव्हतं

डी-२०३ आजी : ताई मला आलेला तो व्हिडिओ कॉल, पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, तुमच्या आधारवर पार्सल सापडलं म्हणाला, ते पण शिकवतील का मुलांना. नातू त्या दिवशी घरात होता त्यानेच फोन काढून घेतला माझ्या हातातून

ए-४०३ (वकील ताई) : आजी ते तर पहिल्या दिवशीच शिकवायला पाहिजे! डिजिटल अरेस्ट असा प्रकार कायद्यातच नाही. कुठलाच पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे ट्रान्सफर करायला सांगत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, जितक्या लवकर तितकी रक्कम खात्यात गोठवायची शक्यता जास्त. नातवाने अगदी बरोबर केलं

बी-५०२ : मी बोलू का, मी पोलीस भरतीची तयारी करतोय आणि शाळा कॉलेजात एनसीसी केलंय. ग्रुपवर काही जणांनी मला पर्सनलला विचारलं की या शिबिराच्या सर्टिफिकेटचा भरतीत फायदा होतो का. तसं समजून पाठवू नका. शिपाई भरतीला बारावी पास लागते, मैदानी ५० मार्कांची आणि लेखी १०० ची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. हे वर्षानुवर्षं रोज पहाटे पळून येतं, सुट्टीतल्या शिबिरात नाही येत. सर्टिफिकेटचंच बघायचं असेल तर एनसीसी करा, केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीत (स्टाफ सिलेक्शन कमिशनची, तिला एसएससी जीडी म्हणतात) सी सर्टिफिकेटला ५ टक्के, बी ला ३, ए ला २ टक्के बोनस मार्क असतात. पण शिबिराचा उपयोग वेगळा आहे, तिथे मुलाला कळतं की त्याला हे काम आवडतंय का, नुसती वर्दी आवडतेय. रात्रपाळी, बंदोबस्तात बारा बारा तास उभं राहणं हे कोणी खरं खरं सांगितलं तर खूप मुलांचा निर्णय लवकर होईल, हो किंवा नाही काहीही असो

डी-१०१ : अगदी खरं बोललास बाळा

सेक्रेटरी : आपल्याकडे शाळांमध्ये पण पोलिसांचं काहीतरी सुरू आहे ना, स्टुडंट पोलीस कॅडेट की काय ते?

बी-२०४ : हो. ते मूळ केरळचं, तिथे २०१० मध्ये सुरू झालं. मग केंद्राने २१ जुलै २०१८ ला देशभरासाठी जाहीर केलं, आठवी-नववीच्या मुलांसाठी, भर सरकारी शाळांवर, शाळेला ५० हजार रुपये साहित्य आणि खर्चासाठी. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते की त्याला ठरलेलं पुस्तक नाही आणि परीक्षाही नाही. विषय बघा, रस्ता सुरक्षा, महिला आणि मुलांची सुरक्षितता, आपत्ती व्यवस्थापन, भ्रष्टाचाराविरुद्ध लढा, आणि दुसऱ्या भागात सहनशीलता, दुसऱ्याचं दुःख समजणं, टीमने काम करणं. पण महिन्याला एकच तास धरलेला आहे, तेवढ्यात कितीसं होणार. म्हणून सुट्टीतलं सलग शिबिर मला जास्त मोलाचं वाटतं, सलग काही दिवस तेच अंमलदार भेटले की मुलं नावाने ओळखायला लागतात आणि प्रश्न विचारायला लागतात. खरे प्रश्न तीनचार दिवसांनंतरच येतात

बी-२०४ : म्हणून माझी सूचना अशी की आपण पालकांनी नुसती सही करून न देता एकदा पोलीस स्टेशनला जाऊन बसावं आणि रोजचं वेळापत्रक मागावं. सगळा वेळ परेडमध्ये जाणार असेल आणि शेवटी पाहुण्यांसमोर संचलन आणि फोटो एवढंच असेल तर आपण नम्रपणे सांगूया की यात थोडा बदल करा. मुलांना ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसवून एक खोटी खोटी तक्रार लिहायला लावा, सायकल चोरीला गेली म्हणून. केव्हा, कुठे, शेवटची कधी बघितली, रंग, खुणा. मोठ्या माणसांनाही हे नीट सांगता येत नाही. दखलपात्र (ज्यात पोलीस थेट तपास करू शकतात) काय अदखलपात्र काय, एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद झाली म्हणजे काय आणि एफआयआर झाला म्हणजे काय, त्याची कॉपी फुकट मिळते हे त्यांना हातात कागद घेऊन कळू दे

ए-४०३ (वकील ताई) : बरोबर, आणि १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आहेत, त्यात झिरो एफआयआर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आलाय, म्हणजे हद्द आमची नाही म्हणून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार परत पाठवता येत नाही. एका तासाचं हे सत्र मी घ्यायला तयार आहे, पोलिसांची हरकत नसेल तर

डी-१०१ : हरकत कशाला असेल, मी बोलतो. माझ्याकडून अजून एक, ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन कसा करायचा याची प्रॅक्टिस करून घ्या घरीच. घाबरलेला माणूस “लवकर या लवकर या” म्हणतो आणि पत्ताच सांगत नाही. आधी ठिकाण, जवळची खूण, काय झालंय, किती जण जखमी, आणि समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. कंट्रोल रूम दाखवायला नेलं तर मुलांना हे एका भेटीत समजतं

ए-३०४ : मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायचं, मी शिकवू शकते, पुतळा मिळाला तर उत्तमच. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंमी खोल दाबायचं. चौदा पंधराच्या मुलांना व्यवस्थित जमतं. आणि अपघात झालेल्याला दवाखान्यात नेलं तर पोलीस मागे लागतील ही भीती काढा डोक्यातून, मदत करणाऱ्याला नाव पत्ता सांगायची सक्ती नाही, कायद्यातच संरक्षण आहे. मुलांना हे माहीत असलं तर ती थांबतील तरी रस्त्यावर

सी-३०१ : हे सगळं असेल तर फारच चांगलं. मॅडम, मी मुलाशी बोलेन आज. तुला शिक्षा म्हणून नाही पाठवत असं सांगेन

बी-२०४ : दादा त्यालाच विचारा ना की जायचंय का. पत्रक त्याच्या हातात द्या, वाचू दे, त्याला काय आवडेल ते तो सांगेल. माझ्या मुलीने डॉग स्क्वाडसाठी होकार दिला, बाकी तिला काही देणंघेणं नाही सध्या, तरी चालेल मला. आणि अजून एक सगळ्यांसाठीच, शिबिरात रस्ता सुरक्षा शिकून आलेल्या मुलाला आपण संध्याकाळी स्कूटरची चावी देऊन दूध आणायला पाठवणार असू तर त्या शिकवण्याला काही अर्थ राहत नाही. आपल्या गेटमधून रोज विदाउट लायसन मुलं गाडी घेऊन जातात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. मला दंडापेक्षा जास्त काळजी त्या मुलांच्या जिवाची वाटते, दोन्ही हात सोडून चालवतात हो

ए-१०२ : खरंय. मी मुलीला विचारलं आत्ता, ती हो म्हणाली! फक्त म्हणतेय की बी-२०४ ची ताई असेल तर जाईन

बी-२०४ : असेलच, दोघींना एका तुकडीत टाकतील असं नाही पण येणं जाणं बरोबर

डी-१०१ : उन्हाचं बघा. सुती कपडे, टोपी, आदल्या रात्रीची झोप, सकाळी उपाशी पोटी पाठवू नका. दमा, फिट्स, हृदयाचं काही असेल तर फॉर्मवर लिहा, लपवू नका, मुलगा पळताना खाली बसला की अंमलदाराला ते माहीत असलं पाहिजे. चक्कर येतेय असं म्हणणाऱ्या मुलाला बसू द्यायचं, हे मी ड्रिल इन्स्ट्रक्टरला पण सांगेन

ए-४०३ (वकील ताई) : आणि फोटो. मुलांचे, विशेषतः मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय कुठल्याही पेजवर टाकायचे नाहीत हे लेखी घेऊया. आपल्या ग्रुपवरून पण पुढे पाठवू नका

सेक्रेटरी : ठीक आहे. आत्तापर्यंत सी-३०१, ए-१०२, बी-२०४, सी-१०४ आणि ए-५०१ ची दोन, एवढी नावं आलीत. शनिवारी संध्याकाळी डी-१०१ काका, वकील ताई, बी-२०४ मॅडम आणि मी पोलीस स्टेशनला जाऊन वेळापत्रक बघतो. अजून कोणाला यायचं असेल तर सांगा

डी-२०३ आजी : मला पण यायचंय. त्या व्हिडिओ कॉलवाल्याची तक्रार द्यायची राहिलीय माझी

बी-२०४ : आजी नक्की चला. तो नंबर आणि कॉलची वेळ नातवाकडून कागदावर लिहून घ्या, स्क्रीनशॉट असेल तर तोही आणा, आणि नातवालाच बरोबर घ्या ना, त्यालाच सांगू दे सगळं