मदत हवी आहे: जलाशयावर पांढरं आच्छादन टाकलं तर उष्णतेचा हिशेब कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी,

बाष्पीभवन रोखून पाणी वाचवायचं आणि त्याच आच्छादनाने ऊनही परतवायचं, अशा मोठ्या प्रकल्पांबद्दल सध्या वाचतोय. एका हिशेबापाशी अडलोय. भौतिकशास्त्र किंवा जलव्यवस्थापनातलं कोणी असेल तर कृपया तपासून द्या.

सूर्य वर असताना उघडं पाणी जेमतेम 6 टक्के ऊन परतवतं, बाकीचं आत मुरतं. समजा दिवसभरात दर चौरस मीटरवर 20 मेगाज्यूल ऊन पडलं आणि 6 मिलिमीटर, म्हणजे 6 लिटर पाणी उडालं. लिटरभर पाण्याची वाफ व्हायला साधारण 2.45 मेगाज्यूल लागतात. म्हणजे रोज 14.7 मेगाज्यूल उष्णता वाफेबरोबर निघून जाते.

आता 60 टक्के ऊन परतवणारं तरंगतं आच्छादन टाकलं. आधी 1.2 मेगाज्यूल परत जात होते, आता 12 जातील, फायदा 10.8 चा. पण बाष्पीभवन 80 टक्क्यांनी घटलं, तर वाफेबरोबर जाणारे 11.8 मेगाज्यूल तिथेच राहतात. पाणी भरपूर वाचलं, गारवा मात्र काहीच मिळाला नाही, असं दिसतंय. हे बरोबर आहे का?

माझ्या मते इथे दोन वेगळे हिशेब आहेत. वाफ वर जाऊन तिचे ढग होताना तीच उष्णता हवेत सोडते, म्हणजे ती फक्त जागा बदलते. परतवलेलं ऊन मात्र बरंचसं अवकाशात निघून जातं. म्हणून तलावाकाठी फरक जाणवला नाही तरी पृथ्वीच्या खात्यात फायदा असायला हवा. कमी झालेल्या वाफेमुळे ढगांवर होणारा परिणाम मी धरलेला नाही. एखाद्या जलाशयापुरता तो नगण्य मानावा का?

लॉस एंजेलिसच्या जलाशयात 2015 साली 9.6 कोटी तरंगते प्लास्टिकचे चेंडू सोडले, ते काळे होते. ऊन परतवणं हा त्यांचा उद्देशच नव्हता. ऊन, ब्रोमाइड आणि क्लोरीन एकत्र आले की ब्रोमेट हे घातक रसायन तयार होतं, ते टाळायचं होतं. काळा रंग काजळीचा, तिच्यामुळे प्लास्टिक उन्हात टिकतं. बाष्पीभवन घटलं हा वरचा लाभ. बाष्पीभवन रोखायला सेटिल अल्कोहोल या मेणासारख्या पदार्थाचा एका रेणूइतका पातळ थर पाण्यावर पसरायचा प्रयोगही जुना आहे. तो वाऱ्याने फाटतो आणि ऊन तर अजिबात परतवत नाही. मग माझ्या हिशेबाप्रमाणे त्याच्याखालचं पाणी जास्त तापायला हवं. कोणी प्रत्यक्ष मोजमाप पाहिलंय का? तसं असेल तर माझी मांडणी पडताळता येईल.

शेवटची आणि खरी काळजीची गोष्ट म्हणजे धूळ, शेवाळ आणि पक्ष्यांची विष्ठा. 60 टक्क्यांचा आकडा नव्या, स्वच्छ पृष्ठभागाचा आहे. दोन-तीन वर्षं पाण्यावर राहिलेल्या आच्छादनाचा किती धरावा? तो 30 वर आला तर वरचं सगळं गणित फिरतं. या कामाचा अनुभव असलेल्यांनी अंदाज दिला तरी चालेल.