मदत हवी आहे: सर्कलवर पायी रस्ता ओलांडण्यासाठी काय मागावं, कुणाकडे?

आमच्या उपनगरातल्या चौकात सिग्नल काढून सर्कल केलंय. कोंडी सुटली हे खरं, पण गाड्या थांबतच नाहीत. झेब्रा पट्टे अगदी वळणाच्या तोंडाशी आहेत. रिक्षा बाहेर पडणार की फिरत राहणार, हे पोराचा हात धरून अंदाजानेच ठरवायचं. इंडिकेटर कोण देतंय!

वॉर्ड ऑफिसला १४० सह्यांचं निवेदन देऊन झालं. पोलीस म्हणतात रस्ता महापालिकेचा, महापालिका म्हणते आधी वाहतूक शाखेची एनओसी आणा. रबरी स्पीडब्रेकर कृपया सुचवू नका. बसवले होते, पहिल्या पावसात तुकडे उडाले आणि खिळे तेवढे वर राहिले. सिग्नलही परत नकोय, त्यावरून सोसायट्यांमध्ये आधीच दोन तट आहेत.

आम्हाला हवंय ते एवढंच: पट्टे साधारण एका गाडीच्या लांबीएवढे मागे, मध्ये थांबायला बेट (म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहतूक बघायची) आणि फुटपाथच्या उंचीचं क्रॉसिंग. पादचारी सुविधांसाठी 'आयआरसी १०३' (इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं) आहे, त्याचा हवाला दिलाय.

कुणी आपल्या भागात सर्कलवर असं क्रॉसिंग मंजूर करून घेतलंय का? अर्ज पथ विभागाकडे केला होता की थेट आयुक्तांकडे? आणि रस्त्याच्या सदोष रचनेबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ अर्जात घातल्याने फाईल हलते, की उलट अडकते?